ताऱ्यावरची वाफ

१

गुरुवारी दुपारी रायसा तिखोनोव्नाचं स्वयंपाकघर तिचं राहत नसे. टेबलावरचं मेणकापड पुसायचं, वर पांढरी चादर घडी करून अंथरायची, दिवा खिडकीशी ओढायचा आणि चहाची किटली शेगडीच्या मागच्या बाजूला सरकवायची, एवढं केलं की तिचं काम संपलं. मग तिचा नवरा वेनियामिन ल्वोविच भिंग आणि इवलासा तराजू घेऊन बसे, आणि स्ताराया रुसा गावातली माणसं एकामागून एक दार वाजवत. कुणाकडे आजोबांचं युद्धातलं पदक असे, कुणाला माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलेलं, कुणाला रानात अळंबी वेचताना मातीतून वर आलेलं.

प्रश्न सगळ्यांचे तेच. खरं का खोटं? कुणाचं? आणि मग आवाज खाली आणून, याचे किती येतील?

"पोलीस येतील," वेनियामिन भिंगातला डोळा न हलवता म्हणे. सरकारी पदकं विकणं गुन्हा होता, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असे. मग तोच हसून पुढे म्हणे, "अहो, लाल ताऱ्याची पदकं लाखोंनी वाटलीत. धातूला कोण विचारतो? किंमत मागच्या माणसाची. नाव सापडलं की पदक बोलायला लागतं."

नाव शोधण्यात त्याचा हात धरणारा गावात कुणी नव्हता. मागचा नंबर घासून पुन्हा कोरलाय का, मीना जुना की परवाचा, मळसूत्रावरचा नट टांकसाळीचाच का, हे तो बोट फिरवून सांगे. नंबर खरा निघाला की मॉस्कोजवळच्या दफ्तरखान्यातल्या मित्राला फोन करी.

त्या नावांशी रायसाचाही संबंध होता. वसंतात वेनियामिनच्या हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा तिनं मरियम मातेच्या तसबिरीपुढे नवस केला होता, की माणूस घरी आला तर सगळे उपास जन्मभर पाळीन, आणि त्याच्या टेबलावर ज्या ज्या शिपायाचं नाव सापडेल त्याच्यासाठी चर्चमध्ये मेणबत्ती लावीन. माणूस घरी आला. डावा खांदा थोडा उतरलेला, श्वासाच्या शेवटी एक अडखळ, पण आला.

वेनियामिनचा मात्र कशावर विश्वास नव्हता. ती चर्चला निघाली की म्हणे, "माझाही नमस्कार सांग त्याला. आमची अजून ओळख नाही."

तिला वाटे, होईल ओळख. त्यासाठीच तर रोज हात जोडायचे.

२

नाताळाआधीचा मोठा उपास चालू होता तेव्हा तो माणूस आला. तिशीचा असेल. जाड राखाडी कोट, खांद्यावर बर्फ. कोट काढा म्हटलं तर "असू दे, आई" म्हणाला. गरम शेगडीला पाठ लावून बसला आणि हातमोज्यातून एक लाल तारा काढून चादरीवर ठेवला.

"कुणाचा ते सांगा."

"तुम्हाला कुठे मिळाला?" वेनियामिननं विचारलं.

"आमच्याकडेच होता."

"आमच्याकडे म्हणजे?"

त्यानं खिडकीबाहेर, गावाच्या दक्षिणेला दलदलींच्या दिशेनं मान हलवली. रायसानं कोबी भरलेला पाव पुढे केला, तो त्यानं घेतला नाही. तिला माणूस आवडला नाही. पोलिसांनी पाठवलेला असेल, किंवा हाडं उकरून पदकं विकणाऱ्यांपैकी. आडनाव विचारलं तर म्हणाला, "नाव सापडलं की गुरुवारी येईन," आणि निघून गेला.

ती फडकं घेऊन शेगडीपाशी वाकली. एवढं बर्फ अंगावर घेऊन बसला होता, डबकं झालं असणार.

फरशी कोरडी होती.

"वेन्या, त्याच्या कोटावरचा बर्फ वितळला नाही."

"पीठ असेल. बेकरीतला असेल." त्याचा डोळा भिंगातच होता. "राया, इकडे ये. हा तारा कुणी छातीवर लावलेलाच नाही. नटाचा एक ओरखडा नाही. कसा कोराच्या कोरा."

ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागली. लाल मीन्याच्या पाच पाकळ्या, मधे चांदीच्या वर्तुळात लांब कोट घातलेला, बंदूक धरलेला शिपाई. असले तिनं पुष्कळ बघितले होते. वेनियामिननं तारा उलटा केला. चांदीवर पातळ वाफ धरली होती.

"थंडीतून आत आला ना," तो म्हणाला. "पुसतो."

पुसायच्या आत वाफ आपोआप गेली. चांदी लख्ख झाली. आणि दोघं बघत असतानाच पुन्हा धरली. पुन्हा गेली.

"दिवा जवळ आहे," वेनियामिन म्हणाला, आणि त्यानं दिवा लांब सरकवला. वाफ तरीही येत-जात राहिली. मग त्यानं ताऱ्यावर रुमाल टाकला.

३

शनिवारी मित्राचा फोन आला. बोलणं ऐकू यावं म्हणून रायसानं हातातला चमचा बाजूला ठेवला.

तारा पान्तेलेइ ल्याद्निकोव नावाच्या शिपायाला मंजूर झाला होता. पण समारंभाच्या आधीच तो इथल्या दलदलीत हरवला. घरचं कुणी नव्हतं. तारा मॉस्कोला परत गेला आणि वितळवण्यात आला.

"म्हणजे खोटा आहे," वेनियामिन म्हणाला.

"तूच सांगितलंस ना खरा म्हणून?"

"खराच आहे."

"वेन्या," पलीकडचा आवाज म्हणाला, "तर मग तो तुझ्या टेबलावर असूच शकत नाही. कुणीतरी तुला गंडवतंय. देऊन टाक परत, आणि हात धू."

वेनियामिन त्या दिवशी जेवला नाही. खोटं पदक हाती लागलं की तो खूश व्हायचा, चोर पकडल्यासारखा. हे पदक खोटं ठरत नव्हतं, आणि तेच त्याला टोचत होतं. रायसानं आपल्यापुरता वेगळा हिशेब केला. नाव सापडलं होतं. उद्या रविवार. पान्तेलेइसाठी मेणबत्ती.

४

चर्चमधून ती परतली तेव्हा दार उघडताच नाकात वोदकाचा वास शिरला. टेबलाशी रोदिओन कुझ्मिच बसला होता. दर वसंतात माणसं जमवून दलदलीतून सैनिकांची हाडं शोधून काढणारा, दिलदार, मोठ्या आवाजाचा, आणि एरवी घरातला लाडका पाहुणा. वेनियामिन खिडकीशी पाठमोरा उभा होता.

"वहिनी, ओरडण्याआधी ऐकून घ्या. एकच ग्लास."

"डॉक्टरांनी एकच ग्लास लिहून दिलाय का, रोदिओन कुझ्मिच? तुमची दाढी पिकली, पण अक्कल अजून बाळसं धरतेय."

"खरंय तुमचं. पण त्या पोराचा तारा कधी धुतलाच गेला नाही हो. मी म्हटलं, वेन्या, आपण त्याच्या वतीनं धुऊ."

तारा धुणं म्हणजे काय, हे तिला सांगायला नको होतं. नवं पदक मिळालं की ते ग्लासात टाकायचं, वर काठोकाठ वोदका ओतायची, तळापर्यंत प्यायची, पदक ओठांनी उचलायचं आणि ताठ उभं राहून आपलं नाव, हुद्दा, काय मिळालं ते मोठ्यानं सांगायचं. तोवर पदक त्या माणसाचं होत नाही. तिच्या वडिलांनी असंच केलं होतं, तिच्या भावानंही.

"कुणाचं नाव सांगितलं?" तिनं विचारलं.

"त्याचंच. शिपाई ल्याद्निकोव, पान्तेलेइ. काय आवाज काढला वेन्यानं. अगदी खेड्यातला पोरगा. मला हसूच आवरेना."

रायसा खुर्चीवर बसली. अजून डोक्यावरचा रुमालही सोडला नव्हता. "मेलेल्याचा ग्लास वेगळा असतो, रोदिओन कुझ्मिच. भरून ठेवायचा, वर काळ्या पावाची फोड झाकायची आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. तुम्ही इतक्या जणांना पुरलंय, तुम्हाला कळायला हवं होतं. तुम्ही त्याला जिवंत माणसाचा ग्लास पाजलात."

रोदिओनचं हसू हळूहळू ओसरलं. त्यानं वेनियामिनकडे बघितलं, मग टोपी उचलली. "वहिनी, त्यात एवढं काय," तो म्हणाला, पण बाटली तशीच ठेवून गेला. तो बाटली मागे ठेवून जाणाऱ्यांतला नव्हता.

५

त्या दिवसापासून तिला नवऱ्याचा संशय येऊ लागला. आधी साधाच. पितोय का? बाटलीवर तिनं नखानं खूण केली. वोदका खुणेखाली गेली नाही. मग वाटलं, डोक्यात रक्ताची गाठ झाली असेल. शेजारच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. त्यांनी नळी छातीला लावली आणि भुवया वर केल्या.

"रायसा तिखोनोव्ना, काय खायला घालता यांना? विशीतल्या पोराचं हृदय आहे."

तिनं आनंद मानायला हवा होता. पण श्वासाच्या शेवटची अडखळही गेली होती, आणि त्या अडखळीच्या सोबतीनं तर ती रोज झोपत असे.

बारीकसारीक गोष्टी होत्या. तो पावाचं कडेचं टोक खिशात ठेवी. दारापाशीच बूट उशाला घेऊन लवंडे. भिंगावर धूळ बसली. तिला राया म्हणेनासा झाला. "मालकीणबाई," म्हणे, "लाकडं फोडू का?" ती दटावून म्हणाली, "नवीन थट्टा काढलीस वाटतं," तर तो ओशाळून हसला. इतक्या वर्षांत वेनियामिन ओशाळल्याचं तिला आठवत नव्हतं.

आणि जेवायला बसताना त्यानं छातीवर क्रूस केला.

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. याच क्षणासाठी तिनं किती उपास केले होते. बोटं नीट जुळवून, कपाळ, पोट, उजवा खांदा, डावा खांदा, आणि वर एक अर्धवट पुटपुट, जुन्या बायका म्हणत तसली. आत जाऊन ती तसबिरीपुढे रडली. देवा, उशिरा का होईना, ओळख झाली. पण डोळे पुसता पुसताच मनात आलं, क्रूस करायला शिकलेल्या माणसाचा हात अडखळतो. याचा हात लहानपणापासूनचा होता.

शनिवारी ती त्याला चर्चला घेऊन गेली. तो आपणहून आला. कडाक्याची थंडी होती, रस्त्यावर जो तो तोंडापुढे आपापला ढग घेऊन चालला होता. ती काहीतरी बोलत होती आणि स्वतःच्या ढगातून त्याच्याकडे बघत होती. त्याच्या तोंडापुढे काही नव्हतं. मफलर असेल, तिला वाटलं. मफलर गळ्यात होता. तो "हो, हो" म्हणत होता, ओठ उघडत होते, आणि पलीकडचं कुंपण स्वच्छ दिसत होतं.

चर्चमध्ये तिनं नेहमीसारख्या दोन चिठ्ठ्या दिल्या होत्या, एक जिवंतांच्या नावांची, एक गेलेल्यांच्या. पाद्र्यानं आधी जिवंतांची नावं वाचली. वेनियामिन हे नाव आलं, तेव्हा शेजारचा माणूस मेणबत्त्यांकडे बघत राहिला. मग गेलेल्यांची नावं सुरू झाली. पान्तेलेइ म्हणताच त्याच्या टाचा जुळल्या.

"हजर," तो हळूच म्हणाला.

६

सोमवारी, भर उजेडात, तो अंगणात लाकडं फोडत असताना तिनं रुमाल बाजूला करून तारा बघितला.

चांदीवर वाफ येत होती आणि जात होती. तिनं आपला श्वास रोखून त्या येण्याजाण्याकडे लक्ष दिलं. लांब, संथ, आणि शेवटी एक अडखळ. मग पुन्हा लांब, संथ.

तिनं भिंगावरची धूळ झग्याच्या कडेला पुसली आणि तारा सुलटा केला. मधला शिपाई नखाएवढाही नाही. लांब कोट, टोकदार टोपी, हातात बंदूक. डावा खांदा उतरलेला.

ठशातला दोष, ती स्वतःला म्हणाली. वेन्या असला की सांगतो ना, ठसा झिजला की आकार बिघडतो. पण हे तिनं भिंग खाली ठेवून म्हटलं. पुन्हा बघितलं नाही.

रोदिओनची बाटली कपाटात होती. आपण चूक सुधारू, तिला वाटलं. जिवंताचा ग्लास दिला गेला, आता मेलेल्याचा देऊ. तिनं स्वच्छ ग्लास घेतला, तारा त्यात सोडला, वोदका ओतली, काळ्या पावाची फोड कापून वर ठेवली आणि ग्लास टेबलावर ठेवून, हात जोडून म्हणाली, "प्रभो, तुझ्या सेवकाला, पान्तेलेइला, विश्रांती दे."

मागे दार वाजलं. तो हात झटकत आत आला, ग्लासापाशी थांबला.

"हा माझ्यासाठी का, मालकीणबाई?"

 त्या पावाला लहान मूलही हात लावत नाही, भुकेला भिकारीसुद्धा नाही. त्यानं क्रूस केला, फोड उचलली आणि उभ्यानंच, कण खाली पडू नये म्हणून हनुवटीखाली तळहात धरून, सगळी खाल्ली.

"देव भलं करो," तो म्हणाला. "फार दिवसांनी कुणी आठवणीनं ठेवलं."

७

गुरुवारी तो राखाडी कोटवाला आला. रायसानं दार अर्धवटच उघडलं. त्याच्या खांद्यावर मागचाच बर्फ होता.

"नाव सापडलं, आई?"

"सापडलं. पान्तेलेइ ल्याद्निकोव."

त्यानं डोळे मिटले आणि उघडले. "बरोबर. तेवढाच एक कमी होता आमच्यात."

"तारा घेऊन जा मग."

"एकालाच न्यायचंय," तो म्हणाला. आवाजात धाक नव्हता, थकवा होता. "तारा तरी, नाहीतर तुमच्या स्वयंपाकघरातला तो तरी. आमचा कुठला ते तुम्हीच सांगायचं. आम्हाला ओळखता येत नाही. म्हणून तर इथे आणला."

रायसा चौकट धरून उभी राहिली. इतकी वर्षं तिच्या टेबलावर खरं आणि खोटं निवडलं गेलं होतं, आणि ती नुसती चहा देत होती. आज निवडायला तीच उरली. एक मन म्हणत होतं, अगं, हा कुणी भामटा आहे, आणि आत तुझा आजारी नवरा आहे. वोदकानं त्याचं डोकं फिरलंय, एवढंच. त्याला या थंडीत परक्याच्या हवाली केलंस तर कुठल्या तोंडानं तसबिरीपुढे उभी राहशील? दुसरं मन काहीच म्हणत नव्हतं. ते त्या अडखळीची वाट बघत होतं.

ती आत गेली. तो शेगडीशी बसून टोपी शिवत होता.

"वेन्या," ती म्हणाली, "मी प्रार्थनेला उभी राहतेय. देवाला तुझं काय सांगू?"

वेनियामिनचं उत्तर तिला पाठ होतं. लग्नापासून तेच एक, नमस्कार सांग, ओळख नाही. ओठ किंचित वाकडे करून, भिंगातून डोळा न काढता. नुसतं तेवढं म्हणाला असता तरी तिनं दाराला कडी घातली असती.

त्यानं सुई कापडात खोचली. "सांगा, फार थकलोय," तो म्हणाला. "सांगा, आता घरी जाऊ दे."

रायसाला त्याच क्षणी त्याची इतकी दया आली, की भीती बाजूला राहिली. कुणाचं पोर होतं कोण जाणे. तिनं खुंटीवरचा नवऱ्याचा कोट काढून त्याच्या अंगावर चढवला, मफलर गळ्याशी नीट गुंडाळला आणि खिशात दोन कोबीचे पाव घातले. तो लहान मुलासारखा उभा राहिला. तिच्या नवऱ्याचा चेहरा, नवऱ्याचे हात, कानशिलावरचा तीळसुद्धा त्याचाच. वरचं बटण त्यानंच लावलं.

दारात आल्यावर ती परक्याला म्हणाली, "हा तुमचा. तारा माझा."

"नक्की, आई?"

"घेऊन जा, बाबा. सांभाळून न्या."

दार लागलं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली. टेबलावर तारा सोडलेला तो ग्लास तसाच होता, त्याच्याकडे तिनं बघितलं नाही. बाहेर दोघं कुंपणाच्या कडेनं दक्षिणेकडे चालले होते. समोरून शाळेची पोरं येत होती, एकेकाच्या तोंडापुढे ढग. या दोघांच्या तोंडापुढे काहीच नव्हतं. वळणावर नवऱ्याचा कोट घातलेला पाव खायला थांबला, आणि तिला त्याची पाठ पूर्ण दिसली. डावा खांदा उतरलेला.

म्हणजे वेन्याच तो?

 ती धावणार होती, रुमाल न बांधताच, अनवाणी. तेवढ्यात मागे, टेबलापाशी, काच टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. भिंग ठेवलं की व्हायचा तसा. किंवा रिकामा ग्लास. मग खुर्ची करकरली.

"राया," आवाज आला. "चहा गार झाला का गं?"

ती वळली नाही. आवाज त्याचा होता. पण आत्तापर्यंत घरात फिरणारा आवाजही त्याचाच होता.

पावलं जवळ आली, तिच्या खांद्याशी थांबली. ती काय बघतेय ते बघायला कुणीतरी तिच्या बरोबरीनं वाकलं. खिडकीची काच गारठलेली होती. रायसानं श्वास सोडला, आणि काचेवर वाफेचा गोल ठिपका उमटला. तो तिचा. ओठांतल्या ओठांत मरियम मातेचं नाव घेत, ती शेजारच्या कोऱ्या काचेकडे बघत राहिली.